सह्याद्रीचे वय आणि गाळाची साक्ष : कालमापनाच्या निष्कर्षांची एक चिकित्सा

गोषवारा

सह्याद्रीची निर्मिती केव्हा झाली, या प्रश्नाला आपल्या अध्यापनात सामान्यतः एकच आकडा उत्तर म्हणून दिला जातो. वास्तविक खडकाचे वय, कड्याचे वय आणि उत्थानाचे वय या तीन भिन्न बाबी आहेत. यांपैकी पहिली बाब बऱ्याच अंशी निश्चित झाली आहे. उरलेल्या दोन बाबींसाठी गाळ, जांभा व सागरतळाखालील अवसाद यांच्या कालमापनावर अवलंबून राहावे लागते. प्रस्तुत लेखात या कालमापनातून काढल्या गेलेल्या प्रमुख निष्कर्षांची चिकित्सा केली असून, उत्तर कोकणाच्या संदर्भात ते कितपत ग्राह्य ठरतात याचा विचार केला आहे.

प्रस्तावना

पनवेल तालुक्यातील गव्हाण येथे खाडीकाठी क्षेत्रभेटीस गेलो असता एका विद्यार्थ्याने पायाला लागलेला काळा चिखल दाखवून विचारले, "सर, हा चिखल त्या डोंगराचा का?" त्याचे बोट पूर्वेस माथेरान-प्रबळगडाच्या दिशेने होते. आपण तत्काळ 'हो' म्हणून गेलो. परतताना मात्र ते उत्तर मनाला टोचत राहिले. चिखल डोंगराचा असेल, तर डोंगर किती झिजला हे चिखलावरून सांगता आले पाहिजे. आणि तो केव्हा झिजला हे कळले, तर तो केव्हा उंच होता हेही कळले पाहिजे. भूविज्ञानात गेली अनेक दशके हाच तर्क वापरला जात आहे. पर्वत स्वतःचा इतिहास स्वतःजवळ ठेवत नाही, झिजताना तो पुसून टाकतो. जी नोंद उरते ती पायथ्याच्या द्रोणीत साचलेल्या गाळात. हिमालयाच्या बाबतीत शिवालिक टेकड्यांतील थरांनी व बंगालच्या उपसागरातील गाळाच्या पंख्याने ही नोंद भरभरून दिली आहे. सह्याद्रीच्या बाबतीत तसे घडलेले नाही, आणि नेमक्या याच उणिवेमुळे निष्कर्षांची घाई झाली आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या घाईत प्रस्तुत लेखकाचाही वाटा आहे, हे आरंभीच नमूद करणे योग्य होईल. एम.फिल.च्या प्रबंधिकेत कोकणातील एका नदीच्या लांबछेदातील पायऱ्या दाखवून, 'यावरून या प्रदेशाचे उत्थान अलीकडील काळात झाले असल्याचे सिद्ध होते', असे वाक्य लिहिले होते. मौखिक परीक्षेत त्यावर कोणी हरकत घेतली नाही. ती घेतली जावयास हवी होती.

खडकाचे वय म्हणजे डोंगराचे वय नव्हे

दख्खनच्या बेसाल्टचे वय आज चांगल्या अचूकतेने ज्ञात आहे. शोएन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये युरेनियम-शिसे पद्धतीने दिलेल्या वयांनुसार या लाव्ह्याचा मोठा भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, साडेसात लाख वर्षांच्या आसपासच्या कालावधीत बाहेर पडला. या संशोधनातील एक बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. बेसाल्टमध्ये झिरकॉनचे स्फटिक सहजी सापडत नाहीत. म्हणून संशोधकांनी दोन लाव्हाथरांमधील तांबड्या मातीच्या पट्ट्यांतून, म्हणजे घाटरस्त्याने जाताना कापलेल्या कड्यात दिसणाऱ्या लाल रेघांतून, राखेबरोबर आलेले झिरकॉन मिळवले. अर्थात लाव्ह्याचे हे वय दोन उद्रेकांच्या मधल्या काळात साचलेल्या मातीने सांगितले आहे. मुंबई परिसरातील खडक याहून तरुण आहेत. तेथील ट्रॅकाइट या खडकाची आर्गॉन पद्धतीने मिळालेली वये सुमारे ६ कोटी १८ लाख व ६ कोटी ४ लाख वर्षे अशी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली.

पुष्कळ क्रमिक पुस्तकांतून व मार्गदर्शकांतून 'सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निर्माण झाला' असे विधान आढळते. हे विधान खडकापुरते खरे आहे. लाव्हा ज्या वेळी पसरला त्या वेळी आजचा कडा नव्हता. एक विस्तीर्ण लाव्हापठार होते. ते पठार पश्चिमेस तुटले, त्याला कडा पडला, तो कडा पूर्वेकडे सरकत गेला आणि किनाऱ्यापासून साधारण ४० ते ६० किलोमीटर आत आज तो उभा आहे. वाड्याच्या दगडाचे वय सांगून वाडा केव्हा बांधला याचे उत्तर दिल्यासारखे होत नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे. तथापि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ती दरवर्षी हरवते.

दुसरे प्रचलित विधान असे की, सह्याद्रीचा कडा हा प्रस्तरभंगाचा कडा आहे. पनवेलकरांना या विधानाची तपासणी आपल्या अंगणातच करता येते. घाटमाथ्यावरील लाव्हाथर जवळजवळ आडवे आहेत; पनवेलच्या पश्चिमेस मात्र ते समुद्राकडे कललेले दिसतात. या सुमारे १५० किलोमीटर लांबीच्या वाकेला ऑडेन यांनी १९४९ मध्ये केलेल्या वर्णनापासून 'पनवेल फ्लेक्शर' म्हणून ओळखले जाते. ही वाक आणि घाटाचा कडा या दोन निरनिराळ्या जागी आहेत. वाक किनारपट्टीत आहे, कडा खंडाळ्याला आहे. म्हणजे जमीन जेथे मोडली वा वाकली, तेथे आज कडा नाही. जेथे कडा आहे, तो क्षरणाने मागे हटत तेथवर पोचला आहे. कललेल्या थरांत मुंबईकडील तरुण खडकही असल्याने कल निदान काही अंशी त्यांच्या नंतरचा आहे, एवढे खात्रीने म्हणता येते. भारत व सेशेल्स यांची फारकत सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीची मानली जाते. या दोन घटना एकाच प्रक्रियेचे भाग असाव्यात असा तर्क त्यावरून केला जातो आणि तो सयुक्तिक आहे. परंतु यातून मिळते ते मोडण्याचे वय. उंचीचे वय अद्याप बाकीच राहते.

बोरीचा धडा

घाटमाथ्यावरील नद्यांकडे वळावे तर तेथे जुना गाळच नाही. भीमा, कृष्णा, गोदावरी यांच्या शीर्षप्रदेशातील गाळाचे थर पातळ असून ते चतुर्थ कालखंडातील आहेत. त्यांच्या खाली थेट बेसाल्ट लागतो. मधल्या सहा कोटी वर्षांची पाने तेथून गायब आहेत. जी थोडी पाने आहेत, त्यांच्या वाचनाचा अनुभवही सावध करणारा आहे.

जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडी नदीच्या काठच्या गाळात ज्वालामुखीय राखेचा थर सापडल्याचे १९८९ मध्ये जाहीर झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील शरद राजगुरू व त्यांचे सहकारी या कामात होते. राखेचा थर म्हणजे गाळाच्या अभ्यासकाला मिळालेली देणगीच; कारण वाळू किंवा चिकणमाती यांचे कण कोणत्याही काळातले असू शकतात, राख मात्र उद्रेकाबरोबर एकदाच पडते. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने या राखेचे वय आरंभी सुमारे १४ लाख वर्षे आले. पुढे १९९५ मध्ये आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने ते ६ लाख ७० हजार वर्षे असल्याचे मांडले गेले. त्याच सुमारास राखेतील काचकणांच्या रासायनिक घटकांवरून, ही राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सर्वांत अलीकडील महाउद्रेकाची, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची आहे, असे प्रतिपादन अन्य अभ्यासकांनी केले. हा वाद प्रामुख्याने अश्मयुगीन हत्यारांच्या वयासंबंधी गाजला. हत्यारे किती जुनी, हा प्रश्न पुरातत्त्वाच्या दृष्टीने मोठाच होता.

भूरूपशास्त्राच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय होतो, याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. राखेच्या थरापासून आजच्या नदीपात्रापर्यंतची खोली मोजून तिला राखेच्या वयाने भागले की नदीने पात्र किती वेगाने खोदले याचा दर निघतो, आणि त्या दरावरून पुष्कळदा प्रदेश उचलला जात असल्याचे अनुमान केले जाते. वय १४ लाखांऐवजी ७५ हजार धरले, तर हाच दर जवळजवळ एकोणीस पट होतो. नदी तीच, थर तोच, मोजपट्टीही तीच. एकाच पुराव्यावरून शांत, स्थिर पठारही दाखवता येते आणि झपाट्याने उचलला जाणारा प्रदेशही. शिवाय नदीने वाहून आणून पुन्हा साचवलेल्या राखेत जुन्या खडकांचे कण मिसळले असल्यास प्रयोगशाळेतील उपकरण कितीही अचूक असले तरी उत्तर जुन्याकडे झुकते. दोष यंत्राचा नसतो. नमुना कशाचे प्रतिनिधित्व करतो, हा प्रश्न यंत्राला विचारताच येत नाही.

जांभ्याची साक्ष

जमिनीवर गाळ नसला तरी जांभा आहे. पाचगणी-महाबळेश्वरच्या माथ्यावर आहे, आणि दक्षिण कोकणच्या सड्यांवरही आहे. जांभा तयार होण्यास दीर्घकाळ स्थिर पृष्ठभाग व उष्ण-दमट हवामान लागते. म्हणून जांभ्याचे वय म्हणजे त्या पृष्ठभागाच्या स्थैर्याचे वय, असे मानता येते. विडोसन यांनी १९९७ मध्ये वरच्या व खालच्या जांभ्याच्या पातळ्यांवरून किनाऱ्याच्या उत्थानाची मांडणी केली. त्यानंतरचे महत्त्वाचे पाऊल बोव्हे व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये टाकले. विदारणातून तयार होणाऱ्या मँगनीजच्या खनिजांत पोटॅशियम अडकलेले असते व त्यावर आर्गॉन-आर्गॉन पद्धत चालते. कर्नाटकातील पठारावरील व कड्याखालच्या सखल प्रदेशातील अशा खनिजांची वये त्यांनी काढली. कड्याखालच्या बाजूसही सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांइतके जुने विदारण आढळले. याचा अर्थ असा की, कड्याखालची जमीन तेव्हाच खाली होती. कडा तेव्हाच बऱ्याच अंशी उभा होता. आणि त्यानंतर सखल भागाची झीज दर दहा लाख वर्षांत अवघी ५ ते १५ मीटर इतकीच झाली असावी.

हा निष्कर्ष प्रभावी आहे. त्याने 'अलीकडील उत्थान' या कल्पनेला चांगलाच धक्का दिला. बी. पी. राधाकृष्ण यांनी १९९३ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये भारतीय द्वीपकल्पाच्या निओजीन काळातील उत्थानाची जी जोरदार मांडणी केली होती, ती मुख्यत्वे भूरूपांच्या तरुण दिसण्यावर आधारलेली होती: खोल घळई, उंच धबधबे, नदीपात्रातील पायऱ्या. प्रस्तुत लेखकाच्या प्रबंधिकेचा आधारही तोच. परंतु टणक व मऊ लाव्हाथर आलटून पालटून असलेल्या प्रदेशात पायऱ्या उत्थानाविनाही पडतात.

तथापि येथे एक हरकत नोंदवावीशी वाटते. ही खनिजे जेथे मिळाली तो प्रदेश दक्षिणेकडचा, प्राचीन खडकांचा आहे. खनिजांतील विखंडन-रेषांवरून झिजेचा इतिहास सांगणारे २००३ मधील गनेल व सहकाऱ्यांचे संशोधनही मुख्यत्वे अशाच खडकांवर बेतलेले आहे. कारण त्यास लागणारे ॲपेटाइट ग्रॅनाइट व नाइस या खडकांत विपुल मिळते. माळशेजपासून आंबेनळीपर्यंतचा, ज्याला मराठी माणूस 'सह्याद्री' म्हणून डोळ्यांसमोर आणतो तो बेसाल्टचा कडा या दोन्ही पद्धतींच्या थेट कक्षेत क्वचितच येतो. दक्षिणेचे वय उत्तरेस लावताना कडा सलग आहे एवढाच आधार घेतला जातो. कड्याची रेषा सलग असल्याने त्याचा इतिहासही सलग असतो, असे मात्र म्हणता येणार नाही. पनवेलची वाक दक्षिणेत नाही, हे एकच कारण त्यासाठी पुरेसे आहे.

समुद्रतळाखालची वही

तेव्हा अखेर समुद्रात उतरावे लागते. कांपानिले व सहकाऱ्यांनी 'बेसिन रिसर्च' या नियतकालिकात २००८ मध्ये कोकण-केरळ द्रोणीचा हिशेब मांडला. तिच्यात नवजीव महाकल्पातील सुमारे १ लाख ९ हजार घन किलोमीटर गाळ आहे. जमीन मूळची खाली वाकलेली होती असे धरले तर एवढा गाळ येणे अवघड. ती उंच असली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. गाळ येण्याचे दोन मोठे लोट त्यांना आढळले. पहिला पॅलिओसीनमध्ये, तो सेशेल्सच्या फारकतीशी जुळतो. दुसरा प्लायोसीनपासून सुरू होतो, आणि त्याचे कारण गूढ असल्याचे लेखकांनी स्वतःच प्रांजळपणे म्हटले आहे.

या प्रांजळपणाचे पुढे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. दुय्यम लेखनात व वर्गाध्यापनात 'कारण गूढ' हे शब्द गळतात आणि 'प्लायोसीनमध्ये सह्याद्रीचे पुनरुत्थान' एवढेच उरते. गाळ वाढला, म्हणून झीज वाढली. झीज वाढली, म्हणून उंची वाढली, ही साखळी वरकरणी सरळ वाटते. तिची प्रत्येक कडी तपासावी लागते. मोल्नार व इंग्लंड यांनी १९९० मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिले की, जगभर याच सुमारास गाळ वाढलेला दिसतो, आणि सगळे पर्वत एकाच वेळी उचलले गेले असे मानण्यापेक्षा हवामान बदलले असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. हवामान अस्थिर झाले, समुद्रपातळी वरखाली होऊ लागली, की न उचलता डोंगर अधिक झिजतो. इतकेच नव्हे, झीज झाल्याने भार हलका होऊन डोंगर थोडा वर येतो. म्हणजे उत्थान हे कारण नसून परिणामही असू शकते. दुसरी कडी सॅडलर यांनी १९८१ मध्येच ढिली केली होती. गाळाच्या नोंदीत खंड असतात, आणि जितका जुना व दीर्घ कालखंड मोजावा तितके अधिक खंड त्यात येतात. त्यामुळे गाळ साचण्याचा दर अलीकडच्या काळात नेहमीच जास्त दिसतो. प्लायोसीनचा सगळाच लोट या भ्रमात निघतो असे नव्हे, कारण संपूर्ण द्रोणीच्या घनफळाचा हिशेब एका विवरापेक्षा भक्कम असतो. परंतु त्यातील किती भाग भ्रमाचा, हे वजा केल्याशिवाय उरलेल्या भागाला उत्थान म्हणता येत नाही.

मुंबईसमोरील समुद्रात आणखी एक साक्षीदार आहे आणि त्याच्याकडे भूगोलाच्या अभ्यासकांनी आश्चर्यकारक दुर्लक्ष केले आहे. १९७४ मध्ये 'सागरसम्राट'ने मुंबई हाय येथे तेल शोधले, हे सर्वांस ठाऊक असते. ते तेल ज्या मायोसीन चुनखडीत आहे, ती चुनखडी काय सांगते? चुनखडी साचण्यास स्वच्छ पाणी लागते. जमिनीवरून चिखल येत राहिला तर ती तयार होत नाही. या भागात पॅलिओसीनमधील चिखल-वाळूच्या थरांवर इओसीनपासून मायोसीनपर्यंत प्रामुख्याने चुनखडीचा संचय झाला, आणि मग मध्य-मायोसीननंतर पुन्हा चिकणमातीने सर्व झाकले गेले. या थरांचे वय तेथील सूक्ष्म जीवाश्मांनी, मुख्यतः फोरॅमिनिफेरांनी, निश्चित केले आहे. म्हणजे कोट्यवधी वर्षे उत्तर कोकणाच्या किनाऱ्यासमोर चिखल फारसा पोचत नव्हता. बोव्हे यांनी सांगितलेली दक्षिणेतील शांतता उत्तरेतही होती, याचे याहून बोलके प्रमाण दुसरे दिसत नाही. नंतर आलेली चिकणमाती मात्र सह्याद्रीचीच, असे समजणे चूक ठरेल. सह्याद्रीचे बहुतेक पाणी पूर्वेस वाहते. कोकणाकडे उतरणाऱ्या उल्हास, पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री या नद्या आखूड आहेत. या समुद्रात नर्मदा-तापीचा गाळ येतो, आणि सिंधूचाही.

सिंधूचा वाटा किती मोठा, ते २०१५ मधील आंतरराष्ट्रीय सागरतळ-वेधन मोहिमेने दाखविले. धनंजय पांडे व पीटर क्लिफ्ट यांच्या नेतृत्वाखाली लक्ष्मी द्रोणीत दोन ठिकाणी सुमारे अकराशे मीटर खोलीपर्यंत वेध घेण्यात आले. त्यांपैकी एक तळाच्या बेसाल्टपर्यंत पोचला. किनाऱ्यापासून पावणेपाचशे किलोमीटर दूरच्या त्या गाळात मुख्यतः हिमालयाचा इतिहास मिळाला. पश्चिम भारताच्या किनाऱ्याचे त्यातले ठळक प्रकरण म्हणजे सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी मंचाच्या उतारावरून घसरलेली 'नटराज' नावाची प्रचंड दरड. आपल्या दारातला समुद्र परक्या पर्वताची वही सांभाळतो आहे, असा हा विचित्र प्रकार आहे. तेथील गाळाच्या वाढत्या-घटत्या दरावरून सह्याद्रीबद्दल बोलणारे लेखन म्हणूनच सावधपणे वाचावे लागते: कण कोणाचे, हे आधी, दर किती, हे नंतर.

गव्हाणचा चिखल

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे. खाडीतला चिखल सगळा डोंगराचा नाही. गाढी, काळुंद्री व उलवे या नद्या काही आणतात, तर काही भरतीबरोबर समुद्राकडून येतो. तो जुनाही नाही. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता. आजची खाडी तेव्हा कोरडी दरी होती. त्यामुळे या चिखलातून सह्याद्रीच्या उत्थानाचे वय निघण्याची आशा बाळगणे व्यर्थ आहे, आणि विद्यार्थ्याला दिलेले 'हो' मागे घ्यावे लागते.

परंतु या चिखलाला एक वेगळा प्रश्न विचारता येतो, आणि तो येथील रहिवाशांच्या दृष्टीने अधिक निकडीचा आहे. घारापुरी बेटावरील प्रस्तरभंगांचे वर्णन २०१७ मध्ये मुंबईतील अभ्यासकांनी प्रसिद्ध केले. त्यात न्हावा-शेवा व बेलपाडा येथील पूर्वज्ञात भंगांशी त्यांचा संबंध जोडला असून, पनवेलची वाक ही पायऱ्यापायऱ्यांनी तुटलेली रचना असल्याचे मांडले आहे. या पट्ट्याखाली सूक्ष्म भूकंप होतात, हेही त्यांनी लक्षात आणून दिले आहे. गव्हाण या भंगांच्या शेजारी आहे. मग गेल्या सहा-सात हजार वर्षांत, म्हणजे समुद्र आजच्या पातळीजवळ आल्यापासून, या भंगांच्या दोन्ही बाजूंची जमीन सारखीच राहिली की एक बाजू खचली? हे सांगण्याचे साधन खाडीच्या चिखलातच आहे. कांदळवनाच्या मुळांचा कुजका थर ठरावीक भरतीपातळीलाच तयार होतो. भंगाच्या दोन्ही अंगांस असा एकाच वयाचा थर शोधावा, कार्बन-१४ पद्धतीने त्याचे वय काढावे, आणि दोन्हींची उंची ताडून पाहावी. फरक आढळल्यास चिखल आपोआप दबल्याचा परिणाम त्यातून आधी वजा करावा लागेल. शिंपल्यांची वये वापरताना समुद्रजलातील जुन्या कार्बनमुळे येणारी वाढही दुरुस्त करावी लागेल. हे काम मोठ्या जहाजाचे नाही. भूगोल, रसायनशास्त्र व वनस्पतिशास्त्र या तीन विभागांनी मिळून नमुने गोळा करून प्रयोगशाळेस पाठवावेत, एवढ्या आवाक्याचे ते आहे.

अडचण वेळेची आहे. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये, आणि नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. विमानतळासाठी उलवे टेकडी कापली गेली, नदीचे पात्र वळवले गेले, दलदलीवर भराव पडला. या प्रत्येक बांधकामाआधी चिखलातून खडकापर्यंत विंधन घेतले जाते. त्याचा हेतू भार पेलण्याची क्षमता मोजणे हा असतो, वय मोजणे हा नव्हे. खडक कोणत्या खोलीवर लागला, चिखल कितवर होता, मधे वाळू वा कुजका थर होता का, याची नोंद अशा प्रत्येक विंधनाच्या तक्त्यात असते. भंगांच्या दोन्ही बाजूंचे असे तक्ते एकत्र मांडले, तर नमुने कोठून घ्यावेत हे एका दुपारी ठरू शकेल. पुढील शैक्षणिक वर्षातील क्षेत्रभेट त्यासाठीच योजली असून, गव्हाण ते जासई या पट्ट्यात भरावाबाहेर उरलेल्या कांदळवनाच्या कडांची यादी करण्यापासून तिचा आरंभ होईल.